पानाकाकांचा वर्ग

पानाकाका रविवारच्या शाळेत शिकवायला लागले ते एका फुटलेल्या पाइपमुळे. देवाने बोलावलं वगैरे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. "मला पाळकसाहेबांनी बोलावलं होतं," ते सांगायचे, "आणि तेसुद्धा पाणी बंद करायला."

आमच्या चर्चच्या मागे एक लांबट खोली होती. चार बाकं, एक दार न लागणारं कपाट आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. आत मोठ्यांची उपासना चालू असताना पाळकबाई लहान मुलांना घेऊन या खोलीत बसायच्या. एका रविवारी बेसिनखालचा पाइप फुटला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाळकबाई आईच्या आजारपणासाठी माहेरी गेलेल्या. खोलीत घोटाभर पाणी, त्यात थयथय नाचणारी बारा मुलं, आणि दारात झगा गुडघ्यापर्यंत उचलून धरलेले पाळकसाहेब. उपदेश अर्धवट टाकून आले होते बिचारे.

पानाकाका तेव्हा चाळिशीचे असतील. धंद्याने प्लंबर. मंडळीतलेच, पण मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताच्या आधी निसटणाऱ्यांतले. उपासनेला चांगले कपडे घालून यायचे तरी पाठच्या खिशात पाना असायचाच. बसताना तो बाकावर आपटायचा आणि पुढच्या तीन रांगा वळून बघायच्या. म्हणून ते पानाकाका. त्यांनी कॉक बंद केला, पाइपाला तात्पुरती पट्टी आवळली आणि हात पुसत उभे राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "उपदेश संपवून आलोच पाच मिनिटांत. तेवढं मुलांकडे बघा."

"ती पाच मिनिटं अजून चालूच आहेत," असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हसत सांगायच्या. शेवटी ती एकतीस वर्षं चालली.

बारा भिजलेली मुलं आणि हातात काही नाही. काकांनी बाहेरून आणलेल्या हत्यारांच्या पिशवीतून एक जुना नळ काढला आणि विचारलं, "नळ आतून कसा असतो बघायचाय?" झालं. बारा डोकी एकत्र आली. पाळकसाहेब परतले तेव्हा मुलं जमिनीवर गोल बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात नळाचा एकेक भाग होता.

"काय शिकलात आज?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सगळ्यात धाकटी पोर हातातलं रबराचं वायसर वर धरून म्हणाली, "हे एवढंसं आहे ना, हे नसेल तर एवढा मोठा नळ फुकट!"

पाळकसाहेबांनी ते वायसर हातात घेऊन बघितलं. मग काकांना म्हणाले, "मंडळीत लहानातल्या लहान माणसाचीही गरज असते, हे मी तीन रविवार घसा फोडून सांगतोय. तुम्ही पुढच्या रविवारी या."

ही सगळी ऐकीव गोष्ट. मी त्या वर्गात आले ती आणखी दोन वर्षांनी, सहा वर्षांची असताना. माझ्या आईला फुप्फुसाचा आजार झाला होता आणि तिला लांबच्या आरोग्यधामात ठेवलं होतं. बाबा ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. म्हणून मला मावशीकडे आणून सोडलं. मावशी मायाळू होती, पण तिच्या घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी. माझं अंथरूण मावसभावाच्या शेजारी होतं. तो माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा, आणि त्या दीड वर्षाचा रुबाब मात्र दहा वर्षांचा.

पानाकाकांच्या वर्गात पुस्तक नव्हतं. म्हणजे कपाटात होतं, पण ते कपाटातच असायचं. काका पिशवी टेबलावर ठेवायचे आणि आम्ही सगळे मान लांब करून बघायचो, आज काय निघतंय. पहिल्या दिवशी निघाला ओळंबा. दोरीला बांधलेलं पितळी वजन. "ही भिंत सरळ आहे का?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे ओरडलो, "हो!" त्यांनी दोरी सोडली. भिंत खाली पोहोचेपर्यंत दोन बोटं आत गेली होती. "आता?" म्हणाले. "तुम्हाला सगळ्यांना सरळ वाटली. मलापण वाटली होती. दोरी कुणाची बाजू घेत नाही. देवाचं वचन असंच असतं." त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही ओळंबा मागून घेतला आणि दिसेल त्याला लावत सुटलो. दाराला, खांबाला, शेवटी बाहेर लोकांशी बोलत उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना. ते डावीकडे कललेले निघाले. काकांची पळता भुई थोडी झाली.

सगळे धडे काही जमायचे असं नाही. एकदा त्यांनी दोन पेले पाणी आणलं, एकात मीठ विरघळवलेलं. दिसायला दोन्ही सारखे. देव दिसत नसला तरी असतो, असं काहीतरी सांगायचं होतं. पण ते सांगायच्या आत मावसभावाने मिठाचा अख्खा पेला घटाघटा पिऊन टाकला आणि बेसिनपर्यंतही पोहोचला नाही. दुसऱ्यांदा बॅटरी पेटेना. काका गंभीरपणे म्हणत होते, "आत शक्ती नसेल तर माणूस नुसता बाहेरून चकचकीत," आणि एक मुलगी म्हणाली, "काका, सेल उलटे घातलेत." काकांनी बघितलं तर खरंच उलटे. मग ते स्वतःच इतके हसले की डोळे पुसायला पाना धरलेला हात वर गेला आणि कपाळावर ग्रीसचा पट्टा उमटला.

काकू म्हणायच्या, "आमच्या घरातली एक वस्तू शनिवारी जागेवर सापडेल तर शपथ." प्रत्येक धडा आधी त्यांच्यावर करून बघितला जायचा. त्यात त्यांचे चार पेले, एक आरसा आणि एक चांगली चादर कामी आली.

मी त्या वर्गात बोलायचे नाही. मागच्या बाकाच्या टोकाला बसायचे. पण आठवडाभर रविवारची वाट बघायचे. आणि मग तो गळक्या नळाचा रविवार आला.

काकांनी एका लोखंडी स्टँडला नळ लावला होता, वर पाण्याचा डबा, खाली बादली. नळ बंद होता तरी थेंब पडत होता. टप. टप. टप. "बघा," काका म्हणाले, "एक थेंब. काय होतंय एका थेंबाने? तसं एक छोटं खोटं. एक छोटी चोरी. काय बिघडलं? पण हा नळ काल संध्याकाळपासून गळतोय, आणि आज सकाळी बादली भरलेली. गळका नळ कुणाला आवडतो? कुणालाच नाही. घरात सगळ्यांना त्रास."

मावसभाऊ उठून उभा राहिला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ही पण गळते! रोज सकाळी हिचं अंथरूण ओलं असतं!"

अख्खा वर्ग फुटला. इतके हसले सगळे की बाकं हलली. कुणीतरी "टप, टप, टप" सुरू केलं आणि बाकीच्यांनी धरलं. काकांना आधी कळलंच नाही काय झालं. ते अर्धवट हसतच होते, मुलं हसली की हसायची त्यांची सवय. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांचा चेहरा कसा उतरला ते मला अजून दिसतं. मी दार उघडलं आणि पळाले.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. पोट दुखतं म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखलं. मावशीला कारण ठाऊक नव्हतं. मावसभावाला होतं, पण तो तोंड उघडेना.

दुसऱ्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. पानाकाका. पिशवी खांद्यावर. मावशी म्हणाली, "आम्ही बोलावलं नव्हतं हो. नळ तर नीट चालू आहेत सगळे."

"नळासाठी नाही आलो, ताई. तुमच्या भाचीची माफी मागायची आहे."

मावशी बघतच राहिली. सहा वर्षांच्या पोरीची माफी! मी पलंगाखाली शिरले होते. काका गुडघ्यांवर बसले, मग चक्क पोटावर आडवे झाले. पलंगाखाली मी आणि बाहेर फरशीवर गाल टेकलेले ते. पिशवीतून त्यांनी एक नवा कोरा नळ काढून माझ्यासमोर सरकवला.

"चिमणे, मी त्या दिवशी चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "तीस वर्षं नळ दुरुस्त करतोय आणि नळाबद्दलच चुकीचं बोललो. हा नळ बघ. नवा आहे. चांगला आहे. पण वरून पाण्याचा दाब जास्त आला ना, की हासुद्धा गळतो. लोक म्हणतात नळ खराब. नळाचा काही दोष नसतो. दाब जास्त असतो."

मी नळ हळूच जवळ ओढला.

"तुझी आई लांब आहे. बाबा लांब आहेत. केवढा दाब तो! मोठी माणसंसुद्धा गळतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक सांगतो. माझे वडील गेल्यावर मी अकरा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो. अकरा! तुला तर अजून खूप वेळ आहे."

मला हसू आलं. पलंगाखालून बाहेर यायला मला आणखी थोडा वेळ लागला, पण आले.

मावशी पदराने डोळे पुसत उभी होती. तिला बाजूला घेऊन काका काय बोलले ते मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून सकाळी अंथरुणाबद्दल कुणी काही बोललं नाही. मावशीने मला आपल्या शेजारी झोपवायला सुरुवात केली. चादर ओली झाली की ती गुपचूप बदलायची आणि "चल, चहा पिऊ" म्हणायची.

पुढच्या रविवारी मी गेले. काकांनी पुन्हा तोच स्टँड आणला होता. मी दाराजवळच्या बाकावर सरकले. पण त्यांनी नळाकडे बोट दाखवून सांगितलं, "मंडळी, मागे मी हा धडा चुकीचा दिला. एखादा माणूस गळत असला तर त्याला हसायचं नाही. त्याच्यावर कसला दाब आहे ते बघायचं. येशूने कधी कुणाला हसून नीट केलं नाही. कुणाला तरी हसलो असू तर आज माफी मागून टाकू. आधी मी मागतो." आणि त्यांनी मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. वर्ग सुटल्यावर मावसभावाने त्याची सगळ्यात मोठी काचेची गोटी माझ्या हातात कोंबली आणि पळाला. माफी मागणं त्याला तेव्हाही जमायचं नाही, आताही जमत नाही.

त्या प्रसंगानंतर काकांनी शिकवायची पद्धतच बदलली. आधी ते वस्तू दाखवून तात्पर्य सांगून मोकळे व्हायचे. आता वस्तू टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय?" मग गप्प. आम्ही काय वाट्टेल ते बोलायचो. कुलूप ठेवलं तर एकाला तुरुंग दिसायचा, एकीला घर दिसायचं, एकाला हरवलेली किल्ली आणि घरी पडलेला मार. काका सगळं ऐकायचे, आणि त्यातूनच कुणाचा तरी धागा उचलून येशूच्या गोष्टीपाशी न्यायचे. "मला वाटायचं वस्तू माझ्या बाजूने बोलते," एकदा ते पाळकसाहेबांना म्हणाले. "ती समोर कोण बसलंय त्याच्याशीपण बोलते, हे मला ठाऊक नव्हतं. आधी विचारलेलं बरं."

माझी आई सव्वा वर्षाने बरी होऊन आली. बारीक झाली होती, पण आली. बाबांनी जवळच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. पहिल्या रविवारी ती मला घेऊन चर्चमध्ये आली तेव्हा काकांनी वर्गात तिच्यासाठी खुर्ची मांडली आणि म्हणाले, "आज वस्तू नाही आणली. ही बघा. ही आपण मागितली होती." सव्वा वर्ष ती मुलं दर रविवारी माझ्या आईसाठी प्रार्थना करत होती. मला वाटायचं ते म्हणायची सवय म्हणून म्हणतात. त्या दिवशी आईला बघायला सगळी अशी पुढे झाली, जणू आईला त्यांनीच घडवून आणलं होतं. आई रडली. मीपण रडले. काका नाक शिंकरायला बाहेर गेले.

मी आठ वर्षांची असताना एक गोष्ट मला कळली. खालच्या खोलीला रंग देणार होते, म्हणून पाळकबाईंनी दारावर कागद चिकटवला होता: "आज वर्ग वरच्या मजल्यावर." आम्ही सगळे वर. काका येईनात. मला बघायला पाठवलं. खाली येऊन बघते तर काका रिकाम्या खोलीत टेबलावर वस्तू मांडून वाट बघत बसलेले. दारावरचा कागद त्यांच्या डोक्याच्या उंचीवर.

"काका, दारावर लिहिलंय की."

"हो का? चष्मा विसरलो गं."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. मी चष्म्याकडे बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं. एकदम माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पुस्तक कपाटातच का असतं. शास्त्रपाठ असला की "आज तू वाच हं, तुझा आवाज छान आहे" असं ते रोज कुणाला ना कुणाला का म्हणतात.

"कळलं ना तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तिसरीत शाळा सुटली. वडील गेले, मामाबरोबर पाइप उचलायला लागलो. अक्षरं तेव्हाच माझ्यापुढे मुंग्यांसारखी पळायची, नंतर पार पसार झाली. तुझ्या काकू सगळं वाचून दाखवतात, मी पाठ करतो."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले. त्यांनी माझं नाव कधी कुणापुढे काढलं नव्हतं. आता मलाही कुणाची तरी गोष्ट राखायला मिळाली, याचाच मला आनंद झाला. लहान मुलांना कुणी गुपित देत नाही.

पण गुपित फार दिवस टिकलं नाही. वर्षभरात मध्यवर्ती मंडळाकडून एक निरीक्षक बाई आल्या. सगळ्या रविवारच्या शाळांसाठी छापील पाठ्यपुस्तक निघालं होतं. प्रत्येक शिक्षकाने बाईंसमोर त्यातला एक पाठ वाचून घ्यायचा होता. पाळकसाहेबांना काकांचं माहीत असावं. ते आदल्या दिवशी म्हणाले म्हणे, "तुम्ही उद्या कुठेतरी कामाला गेलात असं मी सांगतो." काका म्हणाले, "मुलांना वर्षभर खरं बोला सांगतो मी, साहेब. कुठल्या तोंडाने जाऊ?"

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या बाकाच्या टोकाला वही घेऊन बसल्या. कडक इस्त्रीची साडी, सरळ पाठ. पुस्तक काकांच्या हातात. काकांनी ते उघडलं, बंद केलं, आणि टेबलावर ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "मला वाचता येत नाही."

बाईंचं पेन वहीवर थांबलं. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखली. आणि तेवढ्यात चार वर्षांचा एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "मला पण नाही येत!"

बाईंनाच आधी हसू फुटलं. मग सगळे हसले, काकासुद्धा. हसणं ओसरल्यावर बाईंनी वही मिटली. "पुस्तक राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज घेता तसा वर्ग घ्या."

काकांनी पिशवीतून कुंचा काढला, आदल्या दिवशी एका घरी रंग देणाऱ्यांकडून मागून आणलेला, रंग वाळून दगड झालेला. "काय दिसतंय?" पुढचा पाऊण तास बाई मधे एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने तो कुंचा टर्पेंटाइनमध्ये बुडवून मऊ केला, आणि बाईंनीही बाही सावरून एक हात लावला.

जाताना त्या काकांना म्हणाल्या, "पुस्तक मुलं वाचतील, तुम्ही शिकवा. मी तसं लिहून देते. पण एक विनंती आहे. तुम्ही वाचायला शिका. वर्गासाठी नको, तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर ठीक, पण कधीतरी एकट्याने वाचावंसं वाटेल."

"या वयात? पालथ्या घड्यावर पाणी, बाई."

"घडा सुलटा करता येतो की," बाई म्हणाल्या. "तुम्ही प्लंबर ना?"

मग आम्हीच त्यांना शिकवलं. कल्पना माझी होती असं मी सांगते, मावसभाऊ सांगतो त्याची. खरं काय ते देव जाणे. आम्ही कागदाचे तुकडे कापले आणि काकांच्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहून चिकटवलं. नळ. पाना. दोरी. कॉक. लोकांच्या घरी कामाला गेले की काका पिशवी उघडायचे आणि आत सगळीकडे अक्षरं. "पाना हातात घेतला की आधी 'पा' बघायचा, मग 'ना' बघायचा, मग काम," ते म्हणायचे. "गिऱ्हाईकं म्हणतात, काय प्लंबर आहे, हत्याराला नमस्कार करतो!" शब्दांवरून ओळी, ओळींवरून परिच्छेद. दोन वर्षं लागली. जोडाक्षरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. दहा वर्षांची मी आणि पंचेचाळीसच्या पुढचे ते, मी ओरडायचे, "काका, हा 'ष' आहे, पोटफोड्या!" आणि ते कान धरून पुन्हा वाचायचे. माझं वाचन सुधारलं ते त्याच दोन वर्षांत.

वर्ग चालू राहिला. आम्ही मोठे झालो, आमच्या जागी दुसरी आली, तिसरी आली. काकू गेल्या. मी शिकायला लांब गेले, लग्न झालं, दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. सुटीत कधी आले तर खिडकीतून डोकावून जायचे. टेबलावर काहीतरी असायचंच. एकदा शिवणाचा बटवा, एकदा बसचं जुनं तिकीट, एकदा नुसता धुळीचा गोळा.

आता काका पंच्याऐंशीच्या घरात आहेत. मुलीकडे राहतात, ऐकू कमी येतं. वर्ग सोडून पंधराएक वर्षं झाली. माझी आई गेल्या वर्षी म्हातारपणाने गेली, शांतपणे गेली. तिचं सामान आवरताना माझ्या मनात आलं की या माणसाला मी कधी 'थँक यू' म्हटलेलं नाही. पलंगाखालच्या त्या दुपारबद्दल तर नाहीच नाही. माणसं जातात. मी गेल्या महिन्यात मुद्दाम रजा काढून गेले.

ते खिडकीपाशी खुर्चीत होते. मांडीवर मोठ्या अक्षरांचं वर्तमानपत्र, बोट ओळीखाली. मला ओळखलं. चहा आला. मी खुर्ची जवळ ओढून त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. गळका नळ, मावशीचं घर, फरशीवर टेकलेला गाल, दाबाचं बोलणं.  "त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी कशी झाले असते मला माहीत नाही, काका," मी म्हणाले.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग लाजल्यासारखे हसले.

"नाही गं आठवत. मी आडवा झालो होतो? पलंगाखाली?"

"पोटावर."

"असेल बाबा. तेव्हा कंबर चांगली होती." मग माझा हात धरून म्हणाले, "पण तुझं मला एक आठवतं. मलाच तुला सांगायचं होतं, राहूनच गेलं."

"काय?"

"तुझी काकू गेली, त्याच्या दुसऱ्या रविवारी मी वर्गात आलो. घरी बसवेना म्हणून आलो. पिशवी आणली नव्हती. दारात आलो आणि पुढे काही सुचेना. पाळकसाहेब, पाळकबाई, सगळे विचारत होते, कसे आहात, काही हवं का. काय सांगणार? तू तेव्हा तेरा-चौदाची असशील, लहानांना सांभाळायला बसायचीस. तू मागच्या बाकावर सरकलीस, जागा केलीस आणि म्हणालीस, 'काका, आज तुम्ही आमच्यात बसा.' बस, एवढंच. मी बसलो. तुम्ही गाणी म्हटलीत. माझ्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला कुणीतरी शेंबडं पोर, माझ्या बाहीला नाक पुसत होतं. तासभर मला कुणी काही विचारलं नाही. काकू गेल्यापासून त्या तासाला मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग प्रार्थनाही सुचली."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. बाक आठवलं, खोलीचा रंग आठवला. काका माझ्या शेजारी बसलेले काही केल्या आठवेनात.

"मला आठवत नाही, काका," मी म्हणाले. "खरंच नाही."

"नसेल," ते म्हणाले. "मला आहे ना." आणि त्यांनी माझ्या हातातला कप बघून मुलीला हाक मारली, "अगं, हिचा चहा गार झाला. दुसरा आण गं."